तरुण मनाची पडझड आणि समाजाचे दायित्व

(छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा आजवर मुख्यतः पाणी, रस्ते, वीज आणि उद्योग या चार शब्दांभोवती फिरत आली आहे. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने पुढील वर्षी अहवाल सादर करताना निरनिराळ्या क्षेत्रांतील अनुशेष रुपयांत मोजून दाखविला आणि प्रादेशिक विषमतेच्या प्रश्नाला आकड्यांचा भक्कम आधार मिळाला. त्या मोजणीचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु काही हानी अशी असते की ती अंदाजपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि रकान्यात बसत नाही म्हणून ती होतच नाही असे गृहीत धरून राज्यकारभार चालतो. सोळा ते तीस या वयात गंभीर मनोविकाराच्या तडाख्यात सापडणाऱ्या तरुणांची हानी ही या जातीची आहे. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

या शहराचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास हा पुष्कळ अंशी तरुणांच्या आगमनाचा इतिहास आहे. १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, १९५८ साली विद्यापीठ स्थापन झाले. पुढे चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहती आल्या. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण येथून, जालना-बीडच्या कोरडवाहू गावांतून मुले-मुली येथे आली. त्यांपैकी बहुतेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेले तेच पहिले. कोणाच्या शिक्षणासाठी बापाने जनावर विकलेले असते, कोणाचे आईवडील ऊसतोडीच्या हंगामात सहा-सहा महिने गावाबाहेर असतात. भाड्याच्या एका खोलीत चौघे राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण हा आज या शहराचा प्रातिनिधिक नागरिक म्हणावा लागेल. आणि नेमके हेच वय असे आहे की ज्या वयात चित्तविकृतीचे, ज्याला वैद्यकात सायकोसिस म्हणतात त्या आजाराचे, पहिले आक्रमण सर्वाधिक संभवते. शिक्षण, नोकरी, विवाह हे आयुष्याचे तीन मोठे निर्णय ज्या दशकात होतात त्याच दशकात हा आजार दार ठोठावतो. त्याची आर्थिक आणि सामाजिक भीषणता या योगायोगात आहे.

हा आजार एका रात्रीत येत नाही. प्रथम झोप बिघडते. वाचलेले डोक्यात राहत नाही. मित्रांमध्ये बसणे नकोसे होते. मेसमध्ये जेवायला जाण्याचे टाळले जाते. लोक आपल्याविषयीच बोलत असावेत, असा संशय येतो. पण तो संशयच आहे याचीही थोडी जाणीव शिल्लक असते. कोणी हाक मारल्याचा भास होतो आणि वळून पाहावे तर कोणी नसते. हा काळ काही महिन्यांचा, कधी दोन-तीन वर्षांचाही असतो. पुढे ती जाणीव सुटली, भास म्हणजेच वास्तव असे वाटू लागले, की आजार प्रकट झाला असे म्हणतात. दरम्यान घरचे लोक आपापल्या परीने अर्थ लावीत असतात. प्रथम ते अभ्यासाचे टेन्शन असते. मग तो आळस असतो. नंतर ते कोणाचे तरी ‘करणे’ असते. आणि शेवटी वडीलधारी मंडळी निर्णय देतात की लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल.

या प्रकट होण्याआधीच्या काळाकडे वैद्यकशास्त्राने पद्धतशीर लक्ष देऊन फार वर्षे झालेली नाहीत. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तरुणांसाठी स्वतंत्र केंद्रे उघडली आणि ‘अतिजोखमीची अवस्था’ कशी ओळखावी याचे निकष बांधले. सौम्य स्वरूपाचे भास वा संशय. थोडे दिवस येऊन आपोआप ओसरणारी तीव्र लक्षणे. किंवा जवळच्या नातेवाइकाला हा आजार असून सोबतच स्वतःच्या कार्यक्षमतेत झालेली ठळक घसरण, असे ते तीन निकष आहेत. या निकषांत बसून मदतीसाठी आलेल्या तरुणांपैकी सुमारे एक-चतुर्थांशांना पुढील तीन वर्षांत पूर्ण आजार होतो, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. याचा दुसरा अर्थही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. चारांपैकी तिघांना त्या मुदतीत तो आजार होत नाही. म्हणून या अवस्थेतील मुलामुलींवर ‘वेडा’ असा शिक्का मारणे हे अन्यायाचे आहे तसेच अशास्त्रीयही आहे. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचना तर या अवस्थेत केवळ आजार टाळण्याच्या हेतूने मनोविकारावरील औषधे देऊ नयेत, समुपदेशन आणि मानसोपचार द्यावेत, असेच सांगतात.

मग आजार होणारच नसेल तर या तिघांची काळजी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर जीवनाच्या गुणवत्तेच्या अभ्यासाने दिले आहे. अतिजोखमीच्या अवस्थेतील तरुणांची जीवनगुणवत्ता निरोगी समवयस्कांपेक्षा कितीतरी खालावलेली असते. कित्येक पाहण्यांत ती प्रत्यक्ष आजार जडलेल्यांच्या जवळपास आढळली. म्हणजे पुढे निदान काहीही होवो, तो तरुण आज दुःखात आहे, आज त्याचे शिक्षण सुटते आहे, आज त्याचे मित्र तुटत आहेत. मदतीचा त्याचा हक्क भावी निदानावर अवलंबून ठेवता येत नाही.

येथे एका शब्दभेदाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अर्थशास्त्रात ‘जीवनमान’ मोजण्याची परंपरा जुनी आहे. दरडोई उत्पन्न, धान्याचा खप, घराच्या भिंती. ‘जीवनाची गुणवत्ता’ ही कल्पना त्याहून व्यापक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात तिचे मापन करणारी प्रश्नावली अनेक देशांत एकाच वेळी तयार केली; त्या कामात दिल्ली आणि मद्रास ही भारतीय केंद्रे होती. तिच्या संक्षिप्त आवृत्तीत २६ प्रश्न आहेत आणि ते शरीर, मन, सामाजिक संबंध व परिसर अशा चार विभागांत मांडलेले आहेत. परिसराच्या विभागात काय विचारले जाते? गरजेपुरता पैसा आहे का, राहण्याची जागा कशी आहे, सुरक्षित वाटते का, आरोग्यसेवा मिळते का, जाण्यायेण्याची सोय आहे का, हवी ती माहिती मिळते का, विसाव्याला वेळ आहे का. हे प्रश्न वाचल्यावर ध्यानात येते की मनोरुग्णाच्या जीवनगुणवत्तेचा पुष्कळ भाग दवाखान्याच्या बाहेर, बसस्थानकावर, रेशनच्या दुकानात आणि भाड्याच्या खोलीत ठरत असतो. गोळीने आवाज थांबतील, एस.टी.चे भाडे मात्र गोळीने भरता येत नाही.

आता विलंबाच्या प्रश्नाकडे वळू. भास-भ्रम सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंतचा काळ हा या सर्व प्रश्नाचा कणा आहे. हा काळ जितका लांबेल तितके सुधारणेचे प्रमाण घटते, हे आता सर्वमान्य आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तुलनेत श्रीमंत देशांत हा काळ सरासरी सुमारे ६३ आठवडे, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १२५ आठवडे आढळला. त्याच तुलनेचा दुसरा निष्कर्ष अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जपून ठेवावा असा आहे. गरीब देशांच्या गटात दरडोई उत्पन्न हजार डॉलरने वाढले की हा विलंब सुमारे सहा आठवड्यांनी कमी होताना दिसतो. गरिबीचा मनाच्या आजाराशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांना याहून नेमके उत्तर मिळणे कठीण. हे संशोधन करणाऱ्यांनी गरीब देशांत औषधांना अनुदान देण्याचा विचार पुढे मांडला, तो याच हिशेबावरून.

पण विलंब ही काही अटळ नियती नव्हे. नॉर्वेच्या रोगालँड भागात १९९७ ते २००० या काळात वृत्तपत्रे, शाळा आणि सामान्य डॉक्टर यांच्यामार्फत सतत लोकशिक्षण केले गेले आणि कोणालाही थेट बोलावता येईल असे शोधपथक नेमले गेले. मध्यम विलंब २६ आठवड्यांवरून सुमारे ५ आठवड्यांवर आला. मोहीम थांबताच तो पुन्हा वाढला. अमेरिकेत २१ राज्यांतील ३४ दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पहिल्या आजारपणातच औषध, मानसोपचार, कुटुंबाचे शिक्षण आणि नोकरी-अभ्यासाला आधार ही चारही अंगे एकत्र दिली गेली. त्यात जीवनगुणवत्ता नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारली, आणि ज्यांना उशीर कमी झाला होता त्यांना त्याचा लाभ ठळकपणे अधिक झाला. उपाय ठाऊक आहेत आणि ते कामही देतात. प्रश्न ते कोणाच्या दारात पोहोचतात एवढाच आहे.

मित्रहो, मराठवाड्याच्या दारात काय पोहोचले आहे ते पाहू. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांत मराठवाड्यात एकही नाही. जालन्यासाठी असे रुग्णालय मंजूर झाले तेही अलीकडच्या वर्षांत. तोपर्यंत सारा भार प्रामुख्याने जिल्हा रुग्णालयांवर आणि या शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर, म्हणजे लोकांच्या ‘घाटी’वर राहिला. सिल्लोडच्या पुढच्या गावातून आजारी मुलाला घेऊन घाटीत येणे म्हणजे दोघांची दिवसभराची मजुरी बुडणे, प्रवासाचा खर्च, आणि जो मुलगा घराबाहेर पडायलाच तयार नाही त्याला गर्दीच्या रांगेत उभे करणे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की पीडित कुटुंबांना उपचार व प्रवासापायी महिन्याला हजार ते दीड हजार रुपये खर्च करावे लागत. तिसऱ्या-चौथ्या फेरीला गोळ्या बंद का होतात याचे कारण त्या आकड्यात आहे. अज्ञानावर सारा दोष ढकलणे सोयीचे आहे, खरे नाही.

हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. तरी त्याचे सरासरी प्रमाण येथे लावून पाहता येते. चित्तविकृतीचे त्या वेळचे प्रमाण प्रौढांत सुमारे ०.४ टक्के आढळले. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३७ लाख. त्यांतील प्रौढ बावीस-तेवीस लाख धरले तर नऊ हजारांच्या आसपास माणसे या आजाराने ग्रस्त असावीत. उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण त्याच सर्वेक्षणात तीन-चतुर्थांश होते. हा केवळ अंदाज आहे, पण धोरण आखावयास तो पुरेसा आहे. एका जिल्ह्यात सहा-सात हजार कुटुंबे या आजाराशी एकटी झुंजत असतील, तर त्याला खाजगी दुर्दैव म्हणता येणार नाही.

एकटी म्हणजे कशी, हेही सांगितले पाहिजे. जेथे डॉक्टर नाही तेथे देवऋषी आहे, मांत्रिक आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आगीत २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. ते साखळ्यांनी बांधलेले होते. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ मधील हत्येनंतर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, दोराने वा साखळीने बांधणे हा गुन्हा ठरला. कायदा आवश्यकच होता. परंतु मांत्रिकाकडे जाणारी आई ही अपराधी नसते. ती उपाय शोधत असते, आणि मांत्रिक गावातच असतो, संध्याकाळीही भेटतो, ऐकूनही घेतो. सरकारी दवाखान्याने यांपैकी निदान दोन गोष्टी केल्या तरी मांत्रिकाचे अर्धे राज्य जाईल.

आणि लग्नाचा उपाय? त्याची किंमत स्त्री मोजते. मुलगा आजारी असेल तर त्याची शुश्रूषा, त्याचा संशय आणि घराचा चरितार्थ हे सारे नव्या सुनेच्या पदरी येते. मुलगीच आजारी असेल तर ते लपवून लग्न लावले जाते. सासरी गोळ्या बंद होतात, आजार उसळतो आणि ती माहेरी परत पाठविली जाते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात गंभीर मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. परित्यक्तेच्या चरितार्थाची तरतूद मात्र कोर्टाच्या पायऱ्या झिजवूनच मिळते. जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावलीत सामाजिक संबंधांचे तीनच प्रश्न आहेत. तिच्या आयुष्यात त्या तिन्हींची उत्तरे एका दिवसात बदलतात.

काही आक्षेपांचा विचार येथे करावयास हवा. पहिला आक्षेप असा की हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे. आपली कुटुंबव्यवस्था असे आजार पोटात घेते. याला आधार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे १९६० व ७०च्या दशकांत सुरू झालेले अभ्यास पुढे केले जातात. आग्रा, चंदीगड अशा केंद्रांतील रुग्ण श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरे निघाले, असे त्यांत दिसले होते खरे. कुटुंब सोबत असणे ही मोठी शक्ती आहे, हेही खरे. पण त्या निष्कर्षांवर पुढे बरेच प्रश्नचिन्ह उभे राहिले. आणि कुटुंब पोटात घेते म्हणून राज्यसंस्थेने हात झटकावेत असे त्या संशोधकांनी कधीच म्हटले नव्हते. शिवाय ते कुटुंबही आज ऊसतोडीला, वाळूजच्या तीन पाळ्यांना आणि भाड्याच्या खोल्यांना वाटले गेले आहे.

दुसरा आक्षेप डाव्या विचारांच्या मंडळींकडून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. बेकारी, नापिकी, भरतीच्या रखडलेल्या परीक्षा यांनी तरुण खचतात. त्यावर आजाराचे लेबल लावणे म्हणजे शोषणाला गोळी देणे होय. या आक्षेपात सत्याचा अंश मोठा आहे. प्रत्येक निराशा हा आजार नसतो, आणि शेतकऱ्याच्या आत्महत्येला केवळ मनोविकार म्हणून निकालात काढणे हा पळपुटेपणा ठरेल. परंतु चित्तविकृतीच्या बाबतीत अनुवंश, बालपणीचे आघात, स्थलांतर, गांजाचे अतिसेवन अशी जैविक व सामाजिक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. क्रांती होईपर्यंत त्या मुलाने आवाज ऐकत बसावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही तत्त्वज्ञानाला नाही. त्याला गोळी हवी आणि न्यायही हवा. एकीच्या नावाने दुसऱ्याला नकार देऊ नये.

तिसरा आक्षेप पैशाचा. केंद्राच्या आरोग्य अंदाजपत्रकात मानसिक आरोग्याचा वाटा सुमारे एक टक्का आहे आणि त्यातलाही मोठा भाग बंगलोरच्या राष्ट्रीय संस्थेकडे जातो. पैसा नाही हे कारण नसून प्राधान्य नाही हे कारण आहे. या आजारावरील मुख्य औषधे राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि ती जगातल्या स्वस्त औषधांपैकी आहेत. उलट एक पदवीधर तरुण वीस-बाविसाव्या वर्षी कामातून कायमचा बाहेर पडणे, आणि त्याच्या सोबतीसाठी घरातील आणखी एकाने मजुरी सोडणे, हा तोटा पुढील तीस वर्षे चालू राहतो.

कायद्याची स्थिती तर शासनाला कोणतीही सबब ठेवत नाही. १९१२चा ‘ल्युनसी’ कायदा माणसाला कोंडण्याचा कायदा होता. १९८७च्या कायद्याने भाषा बदलली, दृष्टी फारशी नाही. २९ मे २०१८ पासून अमलात आलेला २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र उपचार हा नागरिकाचा हक्क मानतो. आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर मोफत व सदैव उपलब्ध असली पाहिजेत, असे त्याचे १८वे कलम सांगते. जिल्ह्यात सेवा नसेल तर रुग्णाने त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावा, अशीही तरतूद त्यात आहे. किती ग्रामसभांत, किती महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर हे कलम वाचले गेले आहे?

म्हणून मागण्या साध्या आणि मोजता येण्याजोग्या हव्यात. जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ही औषधे बारा महिने असावीत आणि साठ्याचा फलक बाहेर लावावा. घाटीत तरुणांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असावा. त्याच्या दारावर आजाराचे नाव नसावे आणि तो कॉलेज सुटल्यावरही उघडा असावा. आशा कार्यकर्ती, वसतिगृहाचे रेक्टर आणि महाविद्यालयीन शिक्षक यांना पहिली लक्षणे ओळखण्याचे शिक्षण मिळावे. निदान करणे हे त्यांचे काम नव्हे, सोबत घेऊन जाणे हे त्यांचे काम. आजारपणात हजेरी बुडालेल्या विद्यार्थ्याला वर्ष न गमावता परत येता येईल असा नियम विद्यापीठाने करावा. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेत लावलेला असावा. पण दूरध्वनी हा डॉक्टरचा पर्याय आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

आणि एक मागणी मोजणीची. उपचारासाठी प्रथमच आलेल्या प्रत्येक तरुणाची लक्षणे सुरू होऊन किती आठवडे झाले, एवढी एक नोंद जिल्ह्याने ठेवावी आणि नाव-गाव गुप्त राखून तिची सरासरी दरवर्षी जाहीर करावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही. केसपेपरवर एक ओळ वाढते. सिंचनाचा अनुशेष हेक्टरांत मोजला गेला तेव्हाच तो मागता आला. हा अनुशेष आठवड्यांत मोजला जाईल, तेव्हा तो जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत मांडता येईल आणि तो कमी का झाला नाही, असा जाब पुढच्या वर्षी विचारता येईल. पुरोगामी चळवळीतील कार्यकर्त्यांनी हे काम आपले मानून हाती घ्यावे, एवढीच या व्याख्यानाच्या अखेरीस विनंती आहे.